माणगा एकच, मग पाट्यांवर नावं तीन का?

शिराळा तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन एकरांवर माणगा बांबू लावायचा आहे. तीन रोपवाटिकांत चौकशी केली. तिघंही ‘माणगा’च म्हणतात, पण एकाच्या पाटीवर ‘ऑक्सिटेनॅन्थेरा स्टॉक्सी’, दुसऱ्याच्या पाटीवर ‘स्यूडोऑक्सिटेनॅन्थेरा स्टॉक्सी’ आणि तिसऱ्याच्या बिलावर ‘डेंड्रोकॅलॅमस स्टॉक्सी’ असं लिहिलंय. हे तीन वेगळे बांबू की एकच? शेजारी म्हणतात बांबू म्हणजे उसाचाच भाऊ, उसासारखं खत-पाणी दिलं की झालं. ते खरं का? आणि फुलोरा येऊन सगळं बेट एकदम वाळतं म्हणतात, ते माणग्याला लागू आहे का?

तिन्ही नावं एकाच बांबूची आहेत. तेवढ्यावर उत्तर संपवता आलं असतं. पण तुमची खरी अडचण नावाची नाही, असं मला वाटतं. पाटीवर विश्वास ठेवून दोन एकर रान पुढची कितीतरी वर्षं अडकवायचं का, हा तुमचा प्रश्न आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी आधी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि गेली अठरा वर्षं पाटण खोऱ्यात बांबूची रोपवाटिका चालवतो. दोन्हीकडचा अनुभव इथं उपयोगी पडेल.

शास्त्रीय नावात दोन शब्द असतात. पहिला घराण्याचा, म्हणजे प्रजातीचा. दुसरा त्या वनस्पतीचा स्वतःचा. तुमच्या तिन्ही पाट्यांवर दुसरा शब्द ‘स्टॉक्सी’ हाच आहे, बदललाय तो पहिला. सातबारा डोळ्यांसमोर आणा. जमीन तीच, गट नंबर तोच, बांध तेच. फक्त आधी नाव चुकीच्या खात्यावर लागलं होतं, पुढं कागद सापडले आणि फेरफार झाला. माणग्याच्या बाबतीत असे फेरफार दोनदा झालेत, म्हणून तीन नावं.

पहिली नोंद १८६८ सालची. मन्रो नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं जगभरच्या बांबूंचा त्या काळी मोठाच अभ्यास केला होता. त्यानं हा आपल्या पश्चिम किनाऱ्याकडचा बांबू ऑक्सिटेनॅन्थेरात घातला. पण त्या घराण्याचा मूळ मालक आफ्रिकेतला एक बांबू आहे. पुढं बारकाईनं पाहिल्यावर लक्षात आलं की आशियातले जे बांबू त्याच्या खात्यावर चढवले होते, ते त्याचे नव्हेतच. १९८८ मध्ये श्रीलंकेतल्या बांबूंवर काम करताना सोडरस्ट्रॉम आणि एलिस यांनी वेगळं घराणं काढलं, स्यूडोऑक्सिटेनॅन्थेरा. अर्थ असा की ऑक्सिटेनॅन्थेरासारखा दिसतो, पण तो नव्हे. माणगा आणि आपला चिवा त्यात गेले. मग २००४ मध्ये केरळातल्या अभ्यासकांनी माणगा तिथून काढून डेंड्रोकॅलॅमसमध्ये ठेवला. शेवटचा फेरफार सगळ्यांनी मान्य केलेला नाही, म्हणून आजही काही याद्यांत स्यूडोऑक्सिटेनॅन्थेरा दिसतं, काहींत डेंड्रोकॅलॅमस. रोपवाटिकेवाल्यानं ज्या वर्षीची यादी समोर ठेवली, ते नाव त्याच्या पाटीवर आलं. यात फसवणूक नाही.

असं माणग्याचंच झालं असंही नाही. आपल्याकडचा काटेरी कळक घ्या. १७५३ मध्ये लिनीअसनं त्याला बोरूच्या घराण्यात टाकून ‘अरुंडो बाम्बोस’ म्हटलं होतं. आज तो ‘बांबुसा बाम्बोस’ आहे, आणि मधल्या काळातल्या पुस्तकांत ‘बांबुसा अरुंडिनेशिया’ सापडतो.

आता इतके फेरफार का होतात, ते सांगतो, कारण तुमच्या बाकीच्या दोन प्रश्नांची मुळंही तिथंच आहेत. गवतांचं वर्गीकरण परंपरेनं फुलांवरून होत आलंय. ज्वारी, भात, गहू दरवर्षी फुलतात, त्यामुळे काम सोपं. बांबूच्या कित्येक जाती काही दशकांतून एकदा फुलतात. जंगलात गेलेल्या माणसाच्या हाती लागतात त्या काठ्या आणि पानं. फूल आयुष्यात एकदा मिळालं तर मिळालं. त्यात प्रजातींच्या सीमा ठरतात त्या पुंकेसरांचे तंतू सुटे आहेत की नळीसारखे एकमेकांना जोडलेले, असल्या भिंगाखाली दिसणाऱ्या गोष्टींवर. बांबुसा आणि डेंड्रोकॅलॅमसमध्ये ते सुटे असतात, जायगँटोक्लोआ या बांबूंच्याच आणखी एका घराण्यात जोडलेले. अर्धवट पुराव्यावर निकाल दिला की पुढं अपील होणारच. मी त्या लोकांना दोष देत नाही. फुललेलं बेट बघायला मी स्वतः रात्रीतून निघून कोयनेच्या पलीकडं गेलोय, आणि पोचेपर्यंत फुलं झडून गेलेली पाहिलीत.

गेल्या तीसेक वर्षांत डीएनए वाचता येऊ लागला आणि चित्र बरंच स्वच्छ झालं. इथं तुमच्या शेजाऱ्यांचा मुद्दा येतो.

बांबू गवत आहे, हे त्यांचं बरोबर. (कायद्यानं मात्र १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात तो झाडांत मोजला होता, आणि २०१७ मध्ये त्या व्याख्येतून वगळला. खासगी रानातला बांबू तोडायला-न्यायला आज जी मोकळीक आहे, तिचं मोठं कारण हे.) पण उसाचा भाऊ तो नाही. गवतांच्या कुळात फार पूर्वी दोन मोठ्या शाखा फुटल्या. एका शाखेत ऊस, ज्वारी, मका, बाजरी, नाचणी, आणि आपल्या ओढ्याकाठचा नळसुद्धा. दुसऱ्या शाखेत भात, गहू आणि बांबू. म्हणजे उसाचे जवळचे भाऊबंद ज्वारी आणि मका. बांबूचे जवळचे भाऊबंद भात आणि गहू. पेरं-पेरं असलेली उंच काठी बघून आपण ऊस आणि बांबू एका घरातले समजतो. नळ तर बांबूसारखा इतका दिसतो की लहान मुलं फसतात, तरी तोही पलीकडच्या शाखेतला.

तुम्हाला घरबसल्या पडताळा हवा असेल तर भात निसवल्यावर सकाळी एखादं फूल उघडून बघा. सहा पुंकेसर दिसतील. गव्हात तीन असतात, उसातही तीन. कळकाच्या फुलात भातासारखेच सहा. कळक फुलला की त्याच्या बियांना आपली माणसं ‘बांबूचे तांदूळ’ म्हणत आली आणि दुष्काळात त्यांनी ते रांधून खाल्ले. तो शब्द कुळाच्या हिशेबानंही चुकलेला नाही. मात्र एकट्या पुंकेसरांवरून नातं ठरवू नका. सहा पुंकेसर हे जुनं लक्षण आहे, काही घरांनी राखलं, काहींनी सोडलं. याच लक्षणामुळे पूर्वीचे अभ्यासक बांबूला सगळ्यात आदिम गवत मानत होते. डीएनएनं ते खोडून काढलं. गवतांच्या झाडावर अगदी खाली फुटलेल्या फांद्या निराळ्याच निघाल्या, अमेरिकेतल्या पावसाळी जंगलांतल्या सावलीत वाढणाऱ्या लहानशा वनस्पतींच्या. बांबू त्यांच्या बराच वर, भात-गव्हाच्या शेजारी बसतो.

या नात्याचा शेतीत अर्थ काय? ऊस, ज्वारी, मका कडक उन्हात अन्न तयार करताना एक जास्तीची युक्ती वापरतात. पानात कार्बन आधी एका ठिकाणी गोळा करायचा आणि मग दुसऱ्या ठिकाणी वापरायचा. त्यामुळे प्रखर उन्हात त्यांचं पान थकत नाही. बांबूत ही सोय नाही, त्याचं पान भात-गव्हाच्या पद्धतीनं चालतं. तेव्हा उसाचा खताचा तक्ता बांबूला लावू नका. पाण्याचंही तेच. उसाला वर्षभर पाळीनं पाणी लागतं. बांबूला पहिली दोन-तीन वर्षं उन्हाळ्यात जगवावं लागतं, पुढं त्याचा जीव पावसाळ्यात असतो, कोंब निघायच्या दिवसांत. मुळाशी पाणी तुंबलेलं मात्र माणग्याला सोसत नाही. इथं भात त्याच्याहून वेगळा पडतो; भाऊ असले तरी सवयी वेगळ्या.

आता बांबूच्या घरात शिरू. हा भाग मला सगळ्यात आवडतो, म्हणून थोडा वेळ घेतो. जगात बांबूच्या सोळाशेहून जास्त जाती आहेत आणि त्या तीन जमातींत बसतात. एक, चीन-जपान-हिमालयाकडच्या थंड हवेतले काष्ठमय बांबू. दोन, उष्ण प्रदेशातले काष्ठमय बांबू, ज्यांत आपले सगळे येतात. तीन, गवतासारखेच मऊ राहणारे छोटे बांबू, जे बहुतेक अमेरिका खंडात आहेत. ते आपण पाहिले तर बांबू म्हणून ओळखणारही नाही.

हरितद्रव्याच्या कणांतला डीएनए पाहिला तेव्हा एक कोडं निघालं. हे कण गवतांत साधारणपणे आईकडून येतात, म्हणजे ही फक्त मातुल घराण्याची वंशावळ. तिच्यात आपले उष्ण प्रदेशातले लाकडी बांबू थंड हवेतल्या लाकडी बांबूंना जवळचे निघाले नाहीत. ते त्या मऊ, गवती बांबूंना जवळचे निघाले! मग लाकूडपणा दोनदा निर्माण झाला, की एकदा होऊन गवती बांबूंनी तो सोडला? पेशीकेंद्रातला, म्हणजे आई-बाप दोघांकडचा डीएनए वाचल्यावर गाठ सुटली. लाकडी बांबू हे जुन्या संकरांतून आलेत. फार पूर्वी वेगवेगळ्या मूळ घराण्यांचा संकर होऊन त्यांचे पूर्ण गुणसूत्रसंच एकत्र आले. ती मूळ घराणी आज जिवंत नाहीत. गवती बांबूंत संच साधे, दोनच. थंड हवेतल्या आणि अमेरिकेतल्या लाकडी बांबूंत चार. आपल्या आशियाई उष्ण प्रदेशातल्यांत सहा, तीन वेगवेगळ्या घराण्यांकडून आलेले.

सांगली-साताऱ्याच्या माणसाला हे अवघड वाटू नये. आपण खपली गहू आणि साधा गहू दोन्ही ओळखतो. खपलीत चार संच आहेत. साध्या गव्हात सहा, कारण खपलीच्या गोतातल्या गव्हाचा एका रानगवताशी पुन्हा संकर झाला. पुरणपोळीच्या खपलीचा दाणा कोंड्यात घट्ट बसतो, साधा गहू मळणीत सुटतो. पण दोघांचा आधीचा इतिहास सामाईक आहे. बांबूचं तसंच झालं, फक्त माणसाच्या हाताशिवाय आणि कित्येक पटींनी जुन्या काळी.

म्हणून बांबूची वंशावळ एका बुंध्यातून फुटत गेलेल्या फांद्यांसारखी नाही. कृष्णेला कोयना मिळते, वारणा मिळते, तसे यात प्रवाह येऊन मिसळलेत. प्रीतिसंगमाखालचं पाणी कोयनेचं की कृष्णेचं, हे विचारण्यात जो घोळ आहे, तोच बांबूच्या प्रजाती काटेकोर वेगळ्या करण्यात आहे. बांबुसा, डेंड्रोकॅलॅमस आणि जायगँटोक्लोआ ही घराणी एकमेकांच्या इतकी जवळ आहेत की त्यांच्यातल्या सीमा आजही पुन्हा पुन्हा आखल्या जातात. माणगा आज काही याद्यांत डेंड्रोकॅलॅमसमध्ये आहे. उद्या आणखी फेरफार झाला तर मला आश्चर्य वाटणार नाही. तुमच्या रानातल्या काठीत त्यानं काही फरक पडणार नाही.

फरक पडतो तो दुसऱ्या गोष्टीनं, आणि इथं मला खरी काळजी वाटते. शास्त्रीय नाव बदललं तरी माग काढता येतो, पण गावातलं नाव दर पन्नास किलोमीटरवर बदलतं. ‘मेस’ हा शब्द मी कोकणाच्या कडेला माणग्यासाठी ऐकलाय आणि काही गावांत भरीव बांबूसाठी, म्हणजे डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टससाठी. ‘चिवा’, ‘चिवारी’ही कुठं कशाला, कुठं कशाला. उसात आपण ‘को ८६०३२’ म्हटलं की जतपासून जावळीपर्यंत एकच ऊस समजतो. बांबूत लोकांच्या तोंडी बसलेला असा क्रमांक नाही. म्हणून मी पाटीवर तीन गोष्टी लिहितो: माणगा, स्टॉक्सी, आणि मातृबेट (ज्या बेटापासून रोपं केली ते) कोणत्या गावचं, कोणत्या साली त्यातून काठ्या घेतल्या. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. तुम्हीही ती मागा.

सुरुवातीच्या काळात मी बाहेरून तीनशे रोपं घेतली होती, माणगा म्हणून. तिसऱ्या वर्षी खालच्या फांद्यांना वाकडे काटे दिसायला लागले. कळक होता. ती रोपं बियांपासून वाढवलेली होती, हे मला घेतानाच सांगितलं होतं, आणि तिथंच मी थांबायला हवं होतं. माणग्याला तुरळक फुलं येतात, पण बी धरत नाही. त्याची रोपं काठीच्या पेरापासून, कंदापासून किंवा ऊतीसंवर्धनातूनच होतात. कुणी ‘बियांचा माणगा’ देऊ करत असेल, तर ते दुसरं काहीतरी आहे. ही एक कसोटी तुमचे पैसे वाचवेल.

फुलोऱ्याचं उत्तरही यातच आहे. कळक आणि स्ट्रिक्टस हे सामूहिक फुलोऱ्याचे बांबू. कळक साधारण तीस ते पंचेचाळीस वर्षांनी एकदम फुलतो, बी टाकतो आणि बेट मरतं. स्ट्रिक्टसचा काळ त्याहून अनिश्चित. माणगा तसा एकदम फुलत नाही, म्हणून शेतीसाठी तो सुरक्षित, आणि मी तुम्हाला तोच सुचवेन. पण कळक किंवा स्ट्रिक्टस लावायची वेळ आलीच, तर एक लक्षात ठेवा. कंदापासून केलेलं रोप वयानं लहान नसतं. आईचं वय घेऊन ते येतं. आई-बेट पुढच्या पाच वर्षांत फुलणार असेल, तर तुमचं रोपही तेव्हाच फुलायला लागेल, मग ते दुसऱ्या तालुक्यात का असेना. बियांपासूनच्या रोपाचं घड्याळ मात्र शून्यापासून सुरू होतं.

कासला कारवी सात-आठ वर्षांनी एकदम फुलते, तेव्हा कुणी विचारतं की ती बांबूची नातलग का. नाही. कारवी अडुळशाच्या कुळातली. वर्षानुवर्षं वाट पाहून एकदम फुलायची चाल दोघांनी स्वतंत्रपणे उचलली. दिसण्यावरून ऊस-बांबू भाऊ ठरवण्यात जी चूक आहे, तीच वागण्यावरून कारवी-बांबू बहिणी ठरवण्यात आहे.

तुमच्या रानाबद्दल काही गोष्टी बघितल्याशिवाय सांगता येणार नाहीत. शिराळ्यातही चांदोलीच्या अंगाचा पाऊस आणि पूर्वेकडचा पाऊस यांत मोठा फरक आहे. लाल, निचऱ्याची, उताराची जमीन असेल तर माणगा मनापासून लावा. काळी चिकण असेल तर वरंबे करून, आणि आधी दहा गुंठ्यांवर. हाच प्रश्न आटपाडी किंवा माणमधून आला असता, तर मी स्ट्रिक्टस सांगितला असता, कारण कोरड्या माळावर तो टिकतो आणि तिथंच त्याची काठी जास्त भरीव होते.

तिन्ही रोपवाटिकांतली मातृबेटं स्वतः जाऊन बघा, आणि शक्य असेल तर मिरगाचा पाऊस बसल्यावर, कोंब निघत असताना जा. माणग्याचं बेट मोकळं असतं, काठ्यांत अंतर असतं, आत हात घालून तोडता येतं. काठी सरळ, बुडाला जवळजवळ भरीव, काटा कुठंही नाही. स्ट्रिक्टसचं बेट गच्च, काठ्या बऱ्याचदा वाकड्या. कळक खालच्या काट्यांवरूनच कळतो. जवळपास एखादा जुना बुरूड कारागीर असेल तर त्याला सोबत न्या. काठी चिरल्यावर कशी फाटते यावरून तो जात सांगतो, आणि माझ्या अनुभवात तो क्वचितच चुकतो. कोंबावरचं कोरडं आवरण गळून पडलेलं असतं, ते प्रत्येक बेटाचं एक-एक उचला आणि वहीच्या पानांत दाबून त्यावर बेटाचं गाव लिहा. त्या आवरणाचे आतून-बाहेरून फोटो, काठीच्या आडव्या छेदाचा एक, आणि बेटाच्या बुडाचा एक, एवढे इथं टाका. त्यावरून तिन्ही ठिकाणचा माणगा एकच आहे का, ते मी सांगतो.